आकाशवाणी, सिलोन आणि गाळलेली गाणी

रेडिओ केंद्राने कोणते संगीत लावावे हा प्रश्न वरकरणी कार्यालयीन स्वरूपाचा वाटतो. निर्णय चार भिंतींआड होतो, श्रोत्याला तो कोणी विचारीत नाही, आणि एके सकाळी रोजच्या वेळी रोजचे गाणे लागत नाही एवढेच त्याला कळते. तरीही अशा बदलाने घरातील माणसे अस्वस्थ होतात. रेडिओ हा जोपर्यंत घरातला एकमेव आवाज होता, तोपर्यंत तर ही अस्वस्थता फारच खोल होती. आपल्या देशात असा सर्वांत गाजलेला बदल 1952 साली झाला. तो बहुधा विनोदी कथेसारखा सांगितला जातो : एका मंत्र्याने सिनेमाची गाणी बंद केली, लोकांनी काटा सिलोनकडे फिरवला, आणि मंत्री हरले. ही कथा खोटी नाही. परंतु ती इतकी सोपी करून सांगितली जाते, की त्यातील खरा वाद हातून निसटतो.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मूळचे पुण्याचे. 1952 मध्ये त्यांच्याकडे माहिती व नभोवाणी खाते आले आणि ते पुढे दहा वर्षे त्यांच्याकडेच राहिले. शास्त्रीय संगीत हा भारतीय संस्कृतीचा कणा आहे आणि चित्रपटसंगीत त्याला कीड लावीत आहे, अशी त्यांची ठाम धारणा होती. येथे एक तपशील नमूद केला पाहिजे, कारण तो बहुतेक वेळा वगळला जातो. चित्रपटगीतांवर सरसकट बंदीचा हुकूम निघाला असे नव्हे. प्रथम त्यांचे प्रमाण घटवण्यात आले. नंतर गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही फुकटची जाहिरात होय, असे ठरवून ते नाव गाळण्यात आले. त्यावर निर्मात्यांनी रागावून प्रक्षेपणाची परवानगीच काढून घेतली. काही महिन्यांत आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे दोन बाजूंच्या हट्टात मधल्यामध्ये श्रोता भरडला गेला. दोष एकट्या केसकरांच्या पदरी घालणे सोयीचे आहे, पण न्यायाचे नाही.

त्यांच्या जमेची बाजू मोठी आहे. त्याच 1952 साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, वाद्यवृंदाची स्थापना झाली आणि त्याची धुरा रविशंकरांकडे आली. 1954 पासून रेडिओ संगीत संमेलने भरू लागली. त्या काळाचा संदर्भ लक्षात घेतला म्हणजे याचे मोल कळते. संस्थाने नुकतीच विलीन झाली होती. कोल्हापूर, सांगली, मिरज, बडोदे या दरबारांनी ज्यांना पोसले, त्या गवयांचा आधार एकाएकी सुटला होता. अशा वेळी सरकारी नभोवाणीने त्यांना बिदागी दिली, नोकऱ्या दिल्या, आणि त्यांचा आवाज अशा खेड्यांत नेला जिथे मैफल म्हणजे काय हे कोणी पाहिलेही नव्हते. ज्याच्या घरी ग्रामोफोन नाही आणि ज्याला शहरातील संगीत सभेचे तिकीट परवडत नाही, त्या माणसाच्या दृष्टीने हे दान लहान नव्हे.

आपल्या भाषेपुरते बोलायचे तर एक उदाहरण पुरेसे आहे. आकाशवाणीचे पुणे केंद्र 1953 साली सुरू झाले. मुंबई-दिल्लीच्या मानाने ते लहान केंद्र. हाताशी चित्रपटगीते नाहीत, म्हणून स्वतःचे सुगम संगीत निर्माण करणे भाग होते. त्याच केंद्राने 1955-56 मध्ये ग. दि. माडगूळकरांची शब्दरचना आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेले ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित केले. छप्पन्न गीते झाली. दोघेही चित्रपटसृष्टीत मुरलेले कलावंत होते, हे विसरता कामा नये. सिनेमाने ज्यांचा हात घडवला, त्यांना नभोवाणीने असा विषय आणि असा सलग अवकाश दिला, की जो सिनेमाच्या तीन मिनिटांच्या गाण्यात कधी मिळाला नसता. केसकरांच्या धोरणाची टिंगल करणाऱ्यांनी हे एवढे तरी हिशेबात धरावे.

आता दुसरी बाजू. केसकरांची चूक संगीतावरील प्रेमात नव्हती, संगीताच्या इतिहासाकडे पाहण्याच्या त्यांच्या दृष्टीत होती. मुसलमान गवयांच्या हाती पडून हिंदुस्थानी संगीत शृंगारिक व दरबारी झाले, आणि ते पुन्हा शुद्ध केले पाहिजे, असा त्यांचा सूर होता. मिरजेला ज्यांचे वास्तव्य होते ते अब्दुल करीम खाँ आणि कोल्हापूरला ज्यांनी गायकी रुजवली ते अल्लादिया खाँ, यांच्या शिष्यपरंपरेतून आजचे महाराष्ट्राचे शास्त्रीय गायन उभे राहिले. त्या महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाने असे म्हणावे याचे आश्चर्य वाटते. शुद्धीकरणाची भाषा एकदा सुरू झाली की ती कुठे थांबेल याचा भरवसा नसतो. केसकरांच्या आधीही, 1940 साली, हार्मोनियमला आकाशवाणीतून बाहेर काढण्यात आले होते. ती पेटी भारतीय स्वरांना न्याय देत नाही, हे कारण. तिकडे देवळांत, भजनी मंडळांत आणि आपल्या चर्चमध्येही तीच पेटी वाजत राहिली. तज्ज्ञांचा युक्तिवाद स्वरशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. तो फक्त गाणाऱ्या माणसांच्या जगण्याशी जुळत नव्हता.

आणि ज्या 1952 साली चित्रपटगीत हे अभिरुचीचा ऱ्हास म्हणून हद्दपार होत होते, त्याच वर्षी ‘बैजू बावरा’ पडद्यावर आला. नौशाद यांचे संगीत पूर्णपणे रागांवर उभे होते. अमीर खाँ आणि दत्तात्रय विष्णु पलुसकर यांनी त्यात जुगलबंदी गायिली. जे काम राष्ट्रीय कार्यक्रम आठवड्यातून एकदा, गंभीर निवेदनासह करीत होता, तेच काम हा चित्रपट चार आण्यांच्या बाकावर बसलेल्या हमालासाठी करीत होता. केसकरांनी शत्रू म्हणून ज्याला निवडले, तो त्यांचा सर्वांत उपयोगी सहकारी ठरला असता.

चित्रपटसंगीतावरील त्यांचा दुसरा आक्षेप पाश्चात्त्य मिश्रणाचा होता, आणि येथे आपल्या समाजाने थोडे थांबून पाहावे. हे मिश्रण करणारे हात कोणाचे होते? बहुतांशी गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचे. गोव्यात पॅरिशच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवण्याची जुनी परंपरा होती. चर्चच्या गायनवृंदासाठी शिकलेली ती विद्या घेऊन हे तरुण मुंबईला आले, आणि संगीतकाराने गुणगुणलेली चाल पन्नास वाद्यांसाठी कागदावर उतरवू शकणारी माणसे म्हणून स्टुडिओंना तीच हवी होती. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना केली. फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही नावे जाणकारांना ठाऊक आहेत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवले. 1958 साली त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा कार्यक्रम सादर केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायिले. ज्याला केसकर भेसळ म्हणत होते, त्यामागे इतकी तालीम आणि इतकी निष्ठा होती. या मंडळींची नावे चित्रपटांच्या श्रेयनामावलीत क्वचितच आली. आकाशवाणीने त्यांचे काम बाहेर ठेवले आणि चित्रपटसृष्टीने त्यांचे नाव. दोन्ही दारांशी ती उभीच राहिली.

सिलोनचा भाग सर्वांना परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी कोलंबोत बसवलेला शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक युद्धानंतर रेडिओ सिलोनच्या हाती आला. 1950 मध्ये तेथे व्यापारी विभाग सुरू झाला. एका छोट्या बेटाचे केंद्र. स्वतःच्या श्रोत्यांच्या बळावर त्याला फार मोठी मिळकत होणे शक्य नव्हते. दिल्लीने जे टाकले ते त्याने उचलले. हिंदी कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोला जात आणि तेथून समुद्र ओलांडून परत आपल्याच घरांत येत. अमीन सयानी यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे, की आरंभीची काही मुद्रणे झेवियर्स कॉलेजच्या आवारातील तांत्रिक संस्थेत होत असत. म्हणजे सरकारी आकाशवाणीने नाकारलेल्या गाण्यांना येशूसंघीय धर्मगुरूंच्या आवारात आसरा मिळाला होता! आमच्या सेमिनरीच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

1952 च्या डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि दर बुधवारची संध्याकाळ तिची झाली. सयानींचे निवेदन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. आकाशवाणीचा निवेदक श्रोत्यांना उद्देशून बोले. सयानी श्रोत्यांशी बोलत. त्यांची हिंदुस्तानी ना संस्कृतने जड झालेली, ना फारसीने नटलेली. बाजारात, आगगाडीत कळेल अशी. झुमरी तिलय्या हे बिहारमधील, आता झारखंडात असलेले, अभ्रकाच्या खाणींचे गाव केवळ गाण्यांच्या फर्माइशींच्या पत्रांमुळे देशभर प्रसिद्ध झाले. ज्या गावाचे नाव एरवी कोणी उच्चारले नसते, ते हवेतून ऐकू येत होते. नभोवाणीने माणसाला दिलेला हा मान आकाशवाणीच्या अधिकाऱ्यांना फार उशिरा उमगला.

तथापि सिलोनच्या विजयाचे गोडवे गाताना एक गोष्ट टोचते. गीतमालेने गाण्यांना पायदाने दिली. या आठवड्यात कोणते पहिले, कोणते पाचवे. रेकॉर्डच्या विक्रीवरून आणि श्रोतृसंघांच्या पसंतीवरून हे ठरे. गाणे चांगले का, हा प्रश्न हळूहळू गाणे कितवे, या प्रश्नात विरघळला. टूथपेस्टच्या उत्पादकाला श्रोत्यांची अभिरुची वाढावी यात रस असण्याचे कारण नव्हते. श्रोते वाढावेत एवढाच त्याचा व्यवहार. मंत्र्याने लोकांना शिष्य मानले, जाहिरातदाराने गिऱ्हाईक मानले. यांपैकी कोणता अपमान मोठा, हे मला सांगता येणार नाही. मात्र सिलोनच्याच सकाळच्या जुन्या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमात आठच्या सुमारास शेवटचे गाणे सैगलचे लागे, वर्षानुवर्षे, आणि हा नेम पायदानाच्या हिशेबात बसणारा नव्हता. बाजारात बसूनही कुणीतरी स्मरण जपले होते.

पॅरिशमध्ये काम करताना हा वाद माझ्या दारात अनेकदा येतो. लग्नाच्या मिस्सेसाठी तरुण मंडळी लोकप्रिय गाण्याच्या चालीवर गीत बसवून आणतात. गायनवृंदातले ज्येष्ठ कपाळाला आठ्या घालतात. दोन्ही बाजूंचे म्हणणे मला समजते. अशा वेळी फादर स्टीफन्स आठवतात. परदेशातून आलेल्या या पंडिताने 1616 साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’साठी लॅटिन वृत्त निवडले नाही. लोकांच्या ओठांवरची ओवी घेतली आणि तिच्यातच आपला सारा व्यासंग ओतला. केसकरांना ही वाट मोकळी होती. नौशाद, वसंत देसाई, सुधीर फडके अशी माणसे हाताशी होती. त्यांना दारातून आत घेऊन अधिक मागणे शक्य होते. पुणे केंद्राने ते प्रत्यक्ष करूनही दाखवले.

अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीते परतली. पंडित नरेंद्र शर्मा यांच्या देखरेखीखाली आखलेली ही सेवा केसकरांची माघार म्हणून ओळखली जाते. माझ्या मते ती त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत शहाणी कृती होती. तिच्यात शास्त्रीय संगीताला स्वतःची वेळ होती, भजनाला होती, आणि फर्माइशीलाही. परंतु मधल्या पाच वर्षांत बुधवारची संध्याकाळ हातची गेली होती, ती 1988 पर्यंत सिलोनकडेच राहिली. 1967 च्या नोव्हेंबरात मुंबई-पुणे-नागपूरहून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि ज्या व्यापाराला 1952 मध्ये उंबऱ्याबाहेर ठेवले होते तो रीतसर घरात आला.

2001 पासून खासगी एफ. एम. केंद्रे आली, 2005 नंतरच्या टप्प्यात ती कोल्हापूर-नाशिकसारख्या शहरांतही पोचली. त्यांना बातम्या देण्यास मनाई होती, त्यामुळे उरले संगीत. आणि परवान्यासाठी लिलावात मोजलेली रक्कम वसूल करायची तर सर्वांना चालेल तेच लावणे आले. आज काटा कुठेही फिरवला तरी बहुतेक तेच गाणे ऐकू येते, आणि तेव्हाच्या श्रोत्याला होते तसे दुसरे सिलोन आज रेडिओच्या पट्टीवर सापडत नाही.