पारदर्शक पेटी

आमच्या सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी ‘ज्यांना मंजूर असेल त्यांनी हात वर करा’ म्हणाले, की माझा हात आधी कानापर्यंत जातो. बहुमत दिसलं तर तो पुढे वर चढतो. नाही दिसलं तर मी कान खाजवत असतो.

म्हणूनच हान्स हाके या जर्मनीत जन्मलेल्या कलावंताबद्दल मला आपुलकी आहे. १९७० साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या प्रदर्शनात या गृहस्थानं ना चित्र टांगलं, ना पुतळा उभा केला. दोन पारदर्शक पेट्या ठेवल्या आणि वर एक प्रश्न : गव्हर्नर रॉकफेलर यांनी निक्सनसाहेबांच्या इंडोचायना धोरणाचा निषेध केलेला नाही, एवढ्यासाठी नोव्हेंबरात तुम्ही त्यांना मत द्यायचं नाकाराल का? ‘हो’ डावीकडे, ‘नाही’ उजवीकडे. आता हे रॉकफेलर कोण? त्याच म्यूझियमचे एक विश्वस्त, आणि ते स्थापन करणाऱ्या बाईंचे चिरंजीव! म्हणजे लग्नाच्या मांडवात बसून वरबापाबद्दल मतदान घेण्यासारखंच झालं.

‘हो’ पडली २५,५६६, ‘नाही’ ११,५६३. समीक्षक रॉकफेलरकडे बघतात, मी पेटीकडे बघतो. ती पारदर्शक आहे. कुठला ढीग मोठा, ते चिठ्ठी टाकण्याआधीच दिसतं आणि आपण कुठं टाकतो ते मागच्यालाही दिसतं. मग मोजलं गेलं ते मत, की चारचौघांत शोभेल असं मत? या कृतीतली मेख मला इथं वाटते. रॉकफेलरच्या बाजूचं माझं मत नव्हे. पण लहान ढिगात चिठ्ठी टाकणाऱ्या त्या साडेअकरा हजारांचं मला कौतुक वाटतं.

नोव्हेंबरात रॉकफेलर निवडून आले. राज्यातले मतदार वेगळे होते हे खरं, पण तिथं पडदाही होता. आणि १९७१ साली दुसऱ्या एका म्यूझियमनं, गुगेनहाइमनं, हाकेंचं ठरलेलं प्रदर्शन रद्द केलं. त्यात न्यूयॉर्कच्या घरमालकांच्या मिळकतींचा हिशेब मांडलेला होता. प्रदर्शनाची बाजू घेणाऱ्या क्युरेटरची नोकरी गेली. उत्तरं सगळ्यांना चालतात हो. प्रश्न विचारणारा चालत नाही.

गेल्या सभेत आमच्या म्हाताऱ्या वॉचमनला काढण्याचा ठराव एकमतानं पास झाला. नंतर जिन्यात चौघांनी मला बाजूला घेऊन कुजबुजून सांगितलं, ‘हे काही बरं झालं नाही.’

मीही तेच कुजबुजलो. हात मात्र अजून दुखत होता.