चित्र इकडे, अस्वस्थता टिपेत

गेल्या महिन्यात मुंबईतल्या एका दालनात एका तरुण चित्रकाराची चित्रं पाहिली. निळं तळं, कमळं, सफाईदार रंगलेपन. शेजारी दीडशे शब्दांची टीप: विस्थापन, आघात, दडपलेल्या स्मृती. पुन्हा तळ्याकडे वळलो. पाण्यात आघात कुठेच सापडला नाही. त्याचा मुक्काम टिपेतच होता.

आघात चित्रातच उतरवणारे चित्रकारही आहेत. तैयब मेहतांनी फाळणीच्या दंगलीत भर रस्त्यात माणूस मारला जाताना पाहिला. पुढे त्यांच्या सपाट, झळझळीत रंगांतून आकृत्या कोसळत राहिल्या. गणेश पाईन यांनी १९४६च्या कलकत्त्यातल्या दंगलीत एका स्त्रीचं प्रेत पाहिलं, गळ्यातल्या हारासकट. त्यांच्या टेंपेरातला अंधार असा देखणा आहे की भीती वाटतेय हे जरा उशिरा कळतं. हा उशीर म्हणजेच कला.

अशा चित्रकारांत मला सर्वांत जवळचे दोघे: प्रभाकर बरवे आणि अर्पिता सिंग. दोघांनीही विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. कापडाच्या नक्षीत राबलेल्या हाताला सजावटीची लाज वाटत नाही. बरवे एनॅमल रंगात पान, घड्याळ, किल्ली अशा घरगुती वस्तू इतक्या नीटस मांडतात की त्यांच्यामधली रिकामी जागा छातीवर येते. अर्पिता सिंग काठापदरासारख्या किनारी काढतात, फुलं भरतात, गुलाबी रंग सढळ हातानं वापरतात आणि त्याच फुलांत बंदुका ठेवतात. १९९३च्या ‘माय मदर’मध्ये आई शांत उभी आहे आणि तिच्यामागे हिंसेचा पसारा. फुलं पाहायला जवळ जावं, तर पाऊल मधेच अडखळतं.

मागणीबरहुकूम घोडे आणि गणपती रंगवणाऱ्यांविषयी न बोललेलं बरं. भिंतीभर प्रकाशझोत फिरवून व्हॅन गॉखला जत्रेत बसवणाऱ्यांविषयी तर नाहीच नाही.

माझं भांडण टीपवाल्यांशी आहे. त्यांचं उत्तर ठरलेलं: काळच इतका हिंस्र आहे, आता आडपडदा कशाला? मग १९४६ काय सुखाचं साल होतं? पाईन यांनी प्रत्यक्ष पाहिलं, आणि तरीही झाकलं. भय उघड्यावर मांडलं की पाहणारा हळहळतो आणि चहाला जातो. सौंदर्यात मुरवलेलं भय त्याच्याबरोबर घरी येतं. ते मुरवायला वर्षं लागतात. टीप एका दुपारी होते. हे मी खात्रीनं सांगतो, कारण मानधन घेऊन अशा टिपा मीही लिहिल्या आहेत. एकदा तर चित्रं न पाहताच. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

म्हणून दालनांनी निदान एक महिना सगळ्या टिपा उतरवाव्यात. माझ्यापासून सुरुवात करा.