सेबेकसचे कुल : मुस्कटावरून ठरविलेल्या नात्याची परीक्षा

इ. स. १९०६ मध्ये फ्लोरेन्तिनो आमेगिनो यांनी पातागोनियातील काही सुट्या दातांवरून असे अनुमान केले की, ज्या थरांत सस्तन प्राण्यांचे अवशेष सापडतात त्याच थरांच्या काळी मांसाहारी डायनोसोरही हयात होते. दात चपटे असून त्यांच्या कडा करवतीसारख्या दंतुर होत्या. मगरीचे दात असे असतील ही शंका येण्याचे कारण नव्हते. ते मगरीच्याच एका भूचर आप्ताचे होते हे उमगावयास कवटी हाती यावी लागली. ती स्कॅरिट मोहिमेत (१९३०–३१) मिळाली, आणि जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांनी १९३७ मध्ये त्या प्राण्यास ‘सेबेकस इकेओऱ्हायनस’ हे नाव दिले. उत्तरपद त्याच्या विलक्षण नाकाडास उद्देशून आहे. पूर्वपदातील सेबेक हा ईजिप्तचा मकरदेव. मगरवर्गीयांच्या नावांअंती येणारे ‘सूकस’ हे त्याचेच ग्रीक रूप. तेव्हा ‘सेबेकोसूकिया’ या गटनामात एकच देव दोनदा येऊन बसला आहे.

पुनरुक्ती नावापुरती असती तर चिंता नव्हती. वर्गीकरणाच्या पुराव्यातही तीच शिरली आहे की काय, हा खरा प्रश्न आहे.

सेबेकसचे मुस्कट अरुंद व उंच आहे. पाण्यातील मगरीचे बहुधा चपटे असते. डोळे माथ्यावर उचललेले नसून बाजूंस आहेत. पाण्यात बुडी मारून केवळ डोळे व नाकपुड्या वर ठेवणाऱ्या प्राण्याची ही ठेवण नव्हे. ब्राझीलमध्ये प्राइस यांनी १९४५ मध्ये वर्णिलेल्या बाउरूसूकसचीही रचना अशीच आहे. पहिला प्राणी इओसीन काळातील, दुसरा क्रिटेशसच्या उत्तरार्धातील. मध्ये दोन कोटींहून अधिक वर्षे. तरीही दोघांची कुले सेबेकोसूकिया या एकाच उपगणात घातली गेली. कोल्बर्ट यांचा १९४६ चा प्रबंध कवटीच्या वर्णनासाठी आजही वाचनीय आहे. परंतु उंच मुस्कट, चपटे दात आणि बाजूचे डोळे ही तीन स्वतंत्र साक्षीदारांची जबानी मानावी काय? जमिनीवर भक्ष्य धरून फाडण्याच्या एकाच जीवनक्रमातून तिन्ही उद्भवणे शक्य असेल, तर साक्षीदार तीन नव्हेत, एकच.

भाषाकुलांच्या अभ्यासकास ही अडचण परिचित आहे. मराठीत ‘चाक’ आणि ‘चिंच’ यांतले चकार निराळे. तेलुगूतही असे दोन चकार आहेत. म्हणून कोणी मराठीस द्राविडी कुलात घालीत नाही. हाडे उसनी घेता येत नाहीत हे खरे. पण समान गरजेतून समान रूप दोनदा घडू शकते, आणि वंशनिर्णयात दोन्ही प्रकारचे साम्य सारखेच फसवे ठरते.

लार्सन व स्यूस यांनी २००७ मध्ये हा उपगण मोडला आणि सेबेकसचे कुल पायरोसॉरांच्या शेजारी नेऊन त्या जोडगटास ‘सेबेकिया’ म्हटले. बलुचिस्तानातील पाबवेशीची गत तर बोलकी आहे. २००१ मध्ये मुस्कट व जबडा यांच्या तुकड्यांवरून तो बाउरूसूकसच्या कुलात दाखल झाला होता. या नव्या मांडणीत तोही सेबेकियात गेला. हाडे तीच होती. जेथे मुस्कटापलीकडे फारसे काही हाती नसते, तेथे मुस्कटाला दिलेले वजन बदलताच कुलही बदलते.

म्हणूनच डिएगो पोल व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये केलेले सेबेकसच्या धडाचे व पायांचे वर्णन अधिक मोलाचे वाटते. प्राण्याची लांबी सुमारे २.२ ते ३.१ मीटर ठरते. लांब पाय त्याच्या भूचरत्वाला दुजोरा देतात, आणि तेही अशा अवयवांतून, ज्यांचा दातांशी थेट संबंध नाही. मात्र भूचरत्वाला मिळालेला दुजोरा हा नात्याला मिळालेला दुजोरा नव्हे. लांब पायही चालण्याच्या गरजेतूनच येतात. २०१४ च्या विश्लेषणात पोल यांच्याच गटाने दोन्ही पर्याय तपासले व कौल पुन्हा सेबेकोसूकियाच्या बाजूने दिला. तो ग्राह्य असेल. परंतु तो टिकवावयाचा तर चावणे किंवा चालणे यांच्याशी ज्यांचा संबंध लावता येत नाही अशा अस्थिलक्षणांवर त्याचा किती भार आहे, हे वेगळे मोजून दाखवावे लागेल.