आगरी बोली आणि परस्पर-आकलनाचा प्रश्न

ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. तो स्टेन कोनोव यांनी सिद्ध केला होता. कोकणी वगळता मराठीचे स्थानिक भेद फारसे खोल नाहीत, असा त्यांचा एकंदर अभिप्राय आहे. भिवंडी तालुक्यातील आगरी ऐकणाऱ्या अभ्यासकास हा अभिप्राय रूपांपुरता पटतो. आकलनाच्या दृष्टीने मात्र तो अपुरा वाटतो.

आगरीत 'ण'चा 'न', 'ळ'चा 'ल' आणि दोन स्वरांमधील 'ड'चा 'र' होतो: पाणी-पानी, डोळा-डोला, गाडी-गारी. ('डोला'मधील आद्य 'ड' अबाधित राहतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.) हे बदल नियमित असल्यामुळे पुणेरी कानाला ते लवकर उमगतात. त्यांमुळे काही शब्द एकरूप होतात, हे खरे. 'वेळ' आणि 'वेल' यांत भेद उरत नाही. 'वाडा' आणि 'वारा' यांतही नाही. भिवंडीच्या उत्तरेस वाडा हे तालुक्याचे गाव आहे. परंतु एसटीची वाट पाहणारा माणूस वाऱ्याविषयी बोलत आहे, असा समज कोणी करून घेणार नाही.

खरी अडचण ध्वनींत नसून लहानशा व्याकरणिक शब्दांत आहे. आगरीत 'मना' म्हणजे 'मला'. अहिराणीत 'मना' म्हणजे 'माझा'. या शब्दापुढे नात्याचे नाम आले की 'मला भाऊ आहे' आणि 'माझा भाऊ आहे' असे दोन्ही अर्थ संभवतात, आणि येथे प्रसंगही नेहमी साहाय्यास येत नाही. सर्वेक्षणात हे दोन 'मना' शेजारी येतच नाहीत. कारण खानदेशी भिल्ली बोलींसमवेत नवव्या खंडात, १९०७ साली, वेगळी छापली गेली.

याहून मोठी उणीव पद्धतीची आहे. प्रत्येक बोलीत उधळ्या पुत्राची कथा वदवून घेतली गेली. अशा कथेला निवेदक असतो, श्रोता नसतो. ती कोणाला कितपत कळली, हे विचारले जात नाही. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या पाहणीतील 'कुणबी' (१९६६) व 'वारली' (१९६९) या पुस्तिका वर्णनाच्या काटेकोरपणात कितीतरी सरस आहेत. तरी त्यांचाही विषय बोलणारा हाच आहे.

शिवाय हे आकलन खरोखर 'परस्पर' आहे काय? आगरी मूल पहिलीपासून प्रमाण मराठी वाचते. प्रमाणभाषकाला आगरी ऐकण्याची सक्ती कधीच नसते. स्पॅनिशशी तुलना येथे उद्बोधक ठरते. माद्रिदमध्ये 'घर' आणि 'शिकार' या अर्थांचे शब्द उच्चाराने भिन्न आहेत. अमेरिकेतील स्पॅनिशमध्ये ते एकरूप झाले, आणि तो उच्चार तेथील सुशिक्षितांचाच आहे. १९५१ साली मेक्सिकोत स्पॅनिश अकादमींचा संघ स्थापन झाला, तो अनेक केंद्रे मान्य करूनच. मराठीत 'पानी' म्हणणारा अशिक्षित ठरतो. म्हणून परका श्रोता दिसताच आगरी माणूस आपली भाषा बदलतो, आणि संशोधकाच्या पदरी पडते ती त्या बदललेल्या भाषेची सुबोधता.

दोन आगरी भाषकांचे आपसांतील संभाषण ध्वनिमुद्रित करून ते पुण्यातील व धुळ्यातील श्रोत्यांस ऐकवावे, मजकुरावर नेमके प्रश्न विचारावेत, आणि हीच कसोटी उलट दिशेनेही घ्यावी. तोपर्यंत 'भेद खोल नाहीत' हे विधान रूपांविषयीचेच समजले पाहिजे.