हेलाच्या घरची माणसे

पेशीसंवर्धनाचा विषय निघाला की ‘हेला’ हे नाव येतेच. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातही या पेशी आहेत. हेनरिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईंच्या नावा-आडनावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार चालू असताना त्यांच्या गाठीचा तुकडा त्यांना न विचारता काढून घेण्यात आला. त्याच वर्षी, वयाच्या ३१व्या वर्षी, त्या वारल्या. पेशी मात्र अजून वाढतच आहेत. रिबेका स्क्लूट यांचे ‘द इम्मॉर्टल लाइफ ऑफ हेनरिएटा लॅक्स’ (२०१०) हे पुस्तक या हकिकतीवर आहे. शिक्षकांनी ते जरूर वाचावे.

या पुस्तकाची चर्चा बहुधा दोनच मुद्द्यांभोवती फिरते. पेशी न विचारता घेतल्या, आणि त्यांवर पैसा इतरांनी कमावला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु आम्हाला पुस्तकाचा खरा ऐवज सापडला तो नंतरच्या, १९७०च्या दशकाविषयीच्या प्रकरणांत.

त्यामागचे विज्ञान असे. निरनिराळ्या ऊतींच्या म्हणून वापरात असलेल्या १८ पेशीमालिकांत जी-६-पी-डी या विकराचा एकच प्रकार आहे, आणि तो जवळजवळ केवळ आफ्रिकी वंशाच्या लोकांतच आढळतो, असे स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ साली दाखवले. या मालिकांत हेला शिरल्या असणार, हा त्यांचा निष्कर्ष. आता हेला कोणती आणि कोणती नव्हे हे ओळखायचे तर हेनरिएटा यांच्या आनुवंशिक खुणा हव्यात. त्या तर हयात नव्हत्या. म्हणून संशोधकांनी त्यांच्या पतीचे व मुलांचे रक्त घेतले. (एक पालक आणि अपत्ये यांच्यावरून दुसऱ्या पालकाची जनुके कशी ताडता येतात, हे बारावीच्या वर्गात फळ्यावर मांडून पाहण्याजोगे आहे.)

घरच्यांची समजूत मात्र अशी, की आपल्याला कर्करोग आहे का ते तपासले जात आहे. मुलगी डेबोरा निकालाची वाट पाहत राहिल्या. आईच्या वयाला पोचलो की आपलीही तीच गत होणार, ही त्यांची धास्ती. संशोधकांना हवे ते रक्त मिळाले. डेबोरांचा प्रश्न कोणी टिपूनही घेतला नाही.

पुढे त्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाकडे आले. १९८०च्या दशकात हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला हेला पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार आढळला. विषाणूमुळे गाठीत झालेले बदल आईकडून मुलीकडे जात नाहीत. हे डेबोरांना समजावून सांगणारा माणूस भेटला तो २००१ मध्ये. हॉपकिन्समधील क्रिस्टोफ लेंगावर यांनी त्यांना प्रयोगशाळेत बोलावून सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवल्या, पेशी म्हणजे काय येथपासून सांगितले. आमच्या मते पुस्तकातील सर्वांत मोलाचे प्रकरण हेच.

दोषही आहेत. लेखिकेच्या स्वतःच्या शोधाची कथा फार जागा खाते. ऊतींवरील हक्काचा कायदा शेवटच्या परिशिष्टवजा भागात ढकलला आहे. घाईतला वाचक तिथवर पोचतच नाही. आणि ‘इम्मॉर्टल’ हा शब्द! अमर झाली ती कर्करोगाची पेशी. बाईंचे जीवन नव्हे.

पुस्तकात येऊ शकला नाही तो भाग त्यानंतरचा. मार्च २०१३ मध्ये युरोपातील संशोधकांनी हेलाचा संपूर्ण जनुकीय आराखडा कुटुंबाला न विचारता प्रसिद्ध केला. गाठीच्या आराखड्यात वारशाने आलेली माहितीही असतेच. म्हणजे मुलानातवंडांची काही गुपिते त्यात उघडी पडतात. कुटुंबाने हरकत घेतल्यावर तो मागे घेण्यात आला. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने (एन.आय.एच.) करार केला. ही माहिती मागणाऱ्यांचे अर्ज तपासणाऱ्या गटात लॅक्स कुटुंबातील दोघांना जागा मिळाली. रक्त देणारे प्रथमच निर्णय घेणाऱ्यांत बसले.

या व्यवस्थेची मर्यादाही विद्यार्थ्यांना सांगावी. गटाचा अधिकार माहितीपुरता आहे, पेशींवर नाही. बंधनही मुख्यतः त्या संस्थेच्या पैशावर काम करणाऱ्यांना. इतरांना केवळ विनंती. हेला पेशींच्या कुप्या पूर्वीप्रमाणेच विकत मिळतात.