श्रद्धेचा अधिकार आणि श्रद्धेची सत्ता

दलित साहित्यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांपैकी एक फार जुना आहे आणि तो आजही तितक्याच निष्ठेने घेतला जातो. दलित लेखक दुसऱ्यांच्या श्रद्धांचा आदर करीत नाहीत. देवादिकांविषयी वाटेल ते लिहितात. ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्यापाशी, एवढा साधा सभ्यपणाही पाळत नाहीत, असा तो आक्षेप आहे. आक्षेप घेणारे सगळेच सनातनी नसतात. सर्वधर्मसमभावावर मनापासून विश्वास असलेले प्राध्यापक त्यांत असतात, समाजवादी मित्र असतात आणि आपल्याच वस्तीतून शिकून बाहेर पडलेली, स्थिरावलेली माणसेही असतात. म्हणून हा आक्षेप झटकून टाकून चालणार नाही. त्याचे नीट उत्तर दिले पाहिजे, आणि ते देताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे.

माझी भूमिका आरंभीच सांगतो. 'श्रद्धा' या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत. एक, माणसाचा श्रद्धेचा अधिकार. त्याने काय मानावे, कोणापुढे हात जोडावेत किंवा कोणापुढेच जोडू नयेत, हे त्याचे त्याने ठरवावे. दुसरी, श्रद्धेची सत्ता. माझ्या श्रद्धेमुळे तुझ्या पाण्याची, तुझ्या स्पर्शाची, तुझ्या घराच्या जागेची आणि तुझ्या पोटाच्या धंद्याची व्यवस्था ठरते, ही ती सत्ता. पहिल्या गोष्टीचा आदर विनाअट केला पाहिजे. दुसरीचा आदर करणे म्हणजे स्वतःच्या गुलामीला नमस्कार करणे होय. आपल्या समीक्षेत या दोहोंची सतत सरमिसळ होते. विरोधक ती करतात आणि कधीकधी आपणही करतो.

१

आदर करा, असे या देशात आजवर कोणाला सांगितले गेले? २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराच्या दारांशी उभे राहिलेले हजारो स्त्रीपुरुष रामाची निंदा करायला आले नव्हते. त्यांतल्या पुष्कळांची रामावर श्रद्धा होती. दुसऱ्याच्या देवाचा याहून अधिक आदर कोणी कसा करायचा? त्यांच्यासमोर दरवाजे बंद झाले. त्याच वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून त्यांच्यावर दगड पडले. पुढे कित्येक वर्षे हा लढा रेंगाळत चालला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. हा क्रम लक्षात घेतला पाहिजे. आधी आदराने दार ठोठावले गेले, नकार नंतर आला. आज आमच्या नकाराला उद्धटपणा म्हणणारे लोक ती पाच वर्षे जमेस धरीतच नाहीत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांविषयीही असेच बोलले जाते. त्यांत हिंदू देवतांचा अपमान आहे, अशी तक्रार ऐकू येते. मी साहित्याचा विद्यार्थी आहे, म्हणून मी त्या वाक्यांच्या रचनेकडे बघतो. तिथे बोलणारा 'मी' आहे. मी अमुक मानणार नाही, मी अमुकाची पूजा करणार नाही, माझा अमुकावर विश्वास नाही, असे ते सांगणे आहे. दुसऱ्याने पूजा करू नये, त्याचा देव्हारा मोडावा, त्याला देवळात जाऊ देऊ नये, असे तिथे कुठेही नाही. त्या प्रतिज्ञांत जुन्या धर्माविषयी कठोर निवाडा आहे, तो मी लपवीत नाही. परंतु निवाडा देणे वेगळे आणि मनाई करणे वेगळे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर मनाई लादली गेली, त्यांनी केवळ निवाडा देऊन घर सोडले. माझ्या दृष्टीने हा संयमाचा नमुना आहे.

आणि या श्रद्धेची किंमतही त्यांनाच मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू धर्माबाहेरची व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जात नव्हती. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला. बौद्ध झालेल्यांना महाराष्ट्र राज्याने सवलती दिल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी त्यांना १९९० पर्यंत थांबावे लागले. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेले दलित अजूनही त्या यादीबाहेर आहेत. राज्यघटनेचे पंचविसावे कलम सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देते आणि हा आदेश त्या स्वातंत्र्यावर जणू पट्टी बसवतो. सर्वधर्मसमभावाची व्याख्याने देणाऱ्यांनी या विषयावर बोलावे, अशी माझी अपेक्षा आहे.

२

मग खरा आदर कसा असतो? आपल्या परंपरेत त्याचे उत्तर आहे आणि ते जोतीराव फुल्यांनी दिले आहे. त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एका कुटुंबाची कल्पना आहे. त्या घरातल्या बाईने बौद्ध ग्रंथ वाचून वाटल्यास बौद्ध व्हावे, नवऱ्याने बायबल वाचून वाटल्यास ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून वाटल्यास मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्मी व्हावे. आणि या सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता एकाच घरात गोडीने नांदावे, असा त्याचा आशय आहे.

या कल्पनेतल्या तीन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली, प्रत्येकाने ग्रंथ वाचून, स्वतःच्या बुद्धीने निवड करायची आहे. जन्माने काही ठरत नाही. दुसरी, बायको नवऱ्याच्या धर्माची नाही आणि मुलगी बापाच्या धर्माची नाही. आजच्या सुधारलेल्या घरांतही हे सहज पचत नाही. तिसरी, ही सगळी माणसे एका घरात राहतात, म्हणजे एका चुलीवर जेवतात. एकमेकांच्या हातचे पाणी पिणारी माणसेच एकमेकांच्या श्रद्धेचा आदर करू शकतात. समता हा आदराचा पाया आहे. पाया नसताना वरून आदराचे छप्पर घालायला सांगितले, तर ते खालच्या माणसाच्या डोक्यावर पडते. धर्माची इतकी कडक चिकित्सा करणारे जोतीराव धर्मभिन्नतेविषयी एवढे उदार कसे, असा प्रश्न काहींना पडतो. मला त्यात विसंगती दिसत नाही. ते सत्तेशी भांडत होते आणि अधिकार राखीत होते.

३

आता साहित्याकडे येतो. ही कसोटी लावून पाहिली तर मला बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' सर्वांत मोलाचे वाटते. 'स्त्री' मासिकातून १९८२ मध्ये ते क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुतेकांनी ते दारिद्र्याचे आणि बाईच्या छळाचे कथन म्हणून वाचले. मला ते श्रद्धेविषयीचे पुस्तकही वाटते.

महारवाड्यातला आषाढ, पोतराज, नवससायास, बायकांच्या अंगात येणे, थोरला मुलगा देवीला वाहणे, हे सारे बेबीताई तपशिलाने सांगतात. त्यांची भूमिका लपलेली नाही. त्या आंबेडकरी आहेत आणि ज्या धर्माने आपल्याला केरात टाकले त्याच धर्माच्या चालीरीती आपण जिवापाड जपल्या, याची चीड त्यांच्या शब्दाशब्दांत आहे. तरीही त्या बायकांकडे त्या तुच्छतेने बघत नाहीत. वर्षभर अर्धपोटी राहणाऱ्या वस्तीत तो एक महिना गोडाधोडाचा, न्हाणेधुण्याचा, वाजवण्यागाण्याचा असतो, आणि त्या महिन्याचा आनंद त्या जसाच्या तसा मांडतात.

अंगात येणाऱ्या बाईचे चित्र मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. ज्या सुनेला एरवी घरात शब्द नाही, जिला मारहाण होते, जिचे नाक कापण्यापर्यंत मजल जाते, त्याच वस्तीत अंगात आलेल्या बाईपुढे सारे वाकतात, तिला प्रश्न विचारतात आणि तिची आज्ञा मानतात. बाईला बोलण्याची दुसरी जागाच नसेल, तर ती देवीच्या तोंडून बोलणार, असा अर्थ मी त्यातून काढतो. बेबीताई हा अर्थ सिद्धान्ताच्या भाषेत सांगत नाहीत. पण पुढे त्याच बाया बाबासाहेबांच्या शब्दावर मुले शाळेत घालतात हे त्यांनी दाखवले, आणि ही संगती त्यामुळे आपोआप लागते. माणसाला माणूस म्हणून बोलता येऊ लागले की अंगात येणे मागे पडते. नुसती थट्टा केल्याने ते मागे पडत नाही.

आपल्या पुष्कळ कवितांत आणि भाषणांत मात्र देव्हाऱ्यापुढची म्हातारी ही केवळ अज्ञानाची खूण म्हणून येते. तिला नाव नसते, इतिहास नसतो, दुखणेही नसते. लेखक पुढे आला हे सिद्ध करण्यासाठी तिला मागे उभे केलेले असते. प्रस्थापित साहित्यात आपली माणसे अशीच बिनचेहऱ्याची यायची, अशी आपली तक्रार होती. ती तक्रार खरी असेल, तर आपल्याला हा अपवाद करता येणार नाही.

४

इथे मला सम्राट अशोकाच्या दोन शिलालेखांची आठवण होते. बारावा शिलालेख सर्व पंथांचा सन्मान करायला सांगतो. तो वाणीच्या संयमाविषयी बोलतो. अकारण स्वतःच्या पंथाची स्तुती आणि परपंथाची निंदा करू नये, कारण प्रसंगी केलीच तर ती सौम्य असावी. आणि एकमेकांची तत्त्वे लोकांनी ऐकावीत, असे त्याचे सांगणे आहे. हा शिलालेख समन्वयवाद्यांचा फार लाडका आहे.

पण त्याच राजाचा नववा शिलालेखही आहे. त्याचा एक तुकडा आपल्या सोपाऱ्याच्या परिसरात मिळाला आहे. त्यात अशोक म्हणतो की आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, आणि विशेषतः बायका क्षुल्लक, निरर्थक असे पुष्कळ विधी करतात. ते करावेत, पण त्यांचे फळ थोडे. मोठे फळ देणारा विधी म्हणजे दासांशी आणि नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राण्यांविषयी संयम बाळगणे. कर्मकांड निरर्थक आहे, हे तो स्पष्ट बोलतो. परंतु त्यावर बंदी घालीत नाही. शेवटी तो धर्माची परीक्षा दासाच्या अंगणात नेऊन करतो.

हे दोन्ही लेख एकत्र वाचावेत, एवढेच माझे म्हणणे. बारावा तेवढा वाचणारे लोक चिकित्सेला निंदा ठरवतात. नववा तेवढा वाचणारे आपले कार्यकर्ते प्रसंग न पाहता बोलतात. शिवाय अशोकाच्या हाती सत्ता होती आणि तो सत्ताधाऱ्यालाच शोभणारा संयम सांगत होता. तो संयम प्रथम बलवानाकडून मागितला पाहिजे.

५

तरीही आपण सगळीकडे दुबळेच आहोत असे समजू नये. खेड्यात सवर्णांच्या तुलनेत आपण दुबळे असू, पण शेजारच्या मांगवाड्याच्या तुलनेत शिक्षणाने आणि संघटनेने आपण पुष्कळदा पुढे असतो. माझ्या पाहण्यातल्या सभांत मातंग बांधवांच्या मरीआईवर आणि खंडोबावर टाळ्याखाऊ विनोद झालेले मी ऐकले आहेत. बोलणाऱ्याच्या आजीच्या देव्हाऱ्यात १९५६ पर्यंत तेच टाक होते, हे त्याला कोणी विचारीत नाही. पुष्कळ घरांतून ते टाक नदीत गेले. काही घरांत एखादी म्हातारी फडक्यात बांधून ते उतरंडीत ठेवायची. त्या म्हातारीला आपण समजून घेतले, तिच्या मरणाच्या वेळी वाद घातला नाही. मग शेजारच्या म्हातारीलाच वेगळा न्याय का? या विनोदांनी मांगवाडा बौद्ध झाला नाही. उलट तो आपल्यापासून दूर गेला आणि त्या अंतराचा फायदा ज्यांनी घ्यायचा त्यांनी घेतला.

याचा अर्थ पोतराजाची प्रथा चालू राहू द्यावी, असा कोणी काढू नये. मूल देवाला वाहणे हा त्या मुलाच्या अधिकारावर घाला आहे. मांत्रिकाने आजाऱ्याला डागणे हे शोषण आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात २०१३ मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यानेही रेषा इथेच ओढली आहे. देव मानणे हा त्यात गुन्हा नाही, देवाच्या नावाने माणसाला छळणे आणि लुबाडणे हा गुन्हा आहे. कार्यकर्त्यांनी ही रेषा पाठ करून ठेवावी. आणि तीच रेषा आपल्या विहारातही लावावी. बुद्धाने कालामांना परंपरेवरून, ग्रंथावरून किंवा गुरू म्हणतो म्हणून काही स्वीकारू नका असे सांगितले; त्याच्या मूर्तीपुढे प्रश्न विचारणाऱ्या पोराला आपण गप्प बसवणार असू, तर आपणही एक नवी सत्ताच उभारत आहोत.

आक्षेप घेणाऱ्यांना माझे उत्तर असे. तुमच्या घरातल्या देवाशी माझे भांडण नाही. तुमच्या देवाच्या नावाने माझी पाणवठ्यावरची जागा ठरत असेल, तर तिथे मी लिहिणार, आणि सौम्य लिहीनच असे नाही. आपल्या तरुण लेखकांना मात्र निराळे सांगायचे आहे. पुढच्या वेळी अंगात आलेल्या बाईवर लिहाल तेव्हा आधी तिच्याशी बोला. तिच्या मुलाची शाळा किती लांब आहे, दवाखान्यात तिला कोण कसे बोलले, कोणत्या दुखण्यापायी तिने नवस बोलला, हे विचारा. एवढे कळल्यावर तिच्या देवीविषयी जे लिहावेसे वाटेल ते खुशाल लिहा.