‘फायबर बंद करा, पोट साफ होईल’: एका गाजलेल्या पेपरची चिकित्सा

काही महिन्यांपूर्वी आत्याने मला एक फॉरवर्ड पाठवला. ‘फायबरमुळेच बद्धकोष्ठता होते, संशोधनाने सिद्ध!’ आणि खाली चक्क एका रिसर्च पेपरची लिंक. फोन केला तर कळलं की तिने रात्रीचा इसबगोल बंद केलाय, पालेभाजी आणि पेरूही सोडलाय. वर मलाच विचारते, “अगं, तू पीएचडी करतेस ना, मग हे बरोबर आहे की नाही ते सांग!”

मी बायोकेमिस्ट्रीची विद्यार्थिनी, डॉक्टर नाही. पण मी गप्प बसले ते वेगळ्याच कारणाने. हाच पेपर मी पहिल्या वर्षी आमच्या जर्नल क्लबमध्ये ‘जुन्या समजुतीला धक्का’ म्हणून मोठ्या उत्साहात मांडला होता. प्रेझेंटेशन संपल्यावर गाईडनी एकच प्रश्न विचारला होता, “या तीन गटांत कोणी जायचं, हे कोणी ठरवलं?” मी स्लाइड्स मागेपुढे करत राहिले. उत्तर पेपरात होतं, अगदी सारांशातच होतं. मी ते वाचलं होतं, पण मला ते दिसलं नव्हतं.

तुमच्यापैकी बरेच जण नेट-सेट, पेट किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताय. ‘पेपर क्रिटिकली वाचा’ असं सगळे सांगतात, पण म्हणजे नेमकं काय करायचं हे फारसं कोणी दाखवत नाही. म्हणून आज हा पेपर सोबत वाचू. विषय पोट साफ होण्याचा आहे, तेव्हा थोडं हसून घ्या आणि पुढे चला.

पेपर काय म्हणतो?

सिंगापूरमधले सर्जन कोक-सन हो आणि त्यांचे सहकारी यांचा हा पेपर २०१२ साली ‘वर्ल्ड जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी’मध्ये आला. बद्धकोष्ठतेची तक्रार असलेले, पण तपासणीत आतड्याचा काही आजार न सापडलेले ६३ रुग्ण त्यांनी घेतले. सगळ्यांना दोन आठवडे फायबर पूर्ण बंद करायला सांगितलं. त्यानंतर प्रत्येकाने स्वतःला जमेल, पटेल इतकंच फायबर ठेवायचं होतं. एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी लक्षणांची नोंद घेतली.

सहा महिन्यांनंतर ४१ जण फायबर न घेणारे, १६ जण कमी फायबर घेणारे आणि ६ जण पुन्हा भरपूर फायबर खाणारे, असे तीन गट झाले. पहिल्या गटात आधी सरासरी ३.७५ दिवसांतून एकदा शौचाला व्हायचं, ते रोज एकदा व्हायला लागलं. दुसऱ्या गटात ४.१९ दिवसांचं अंतर १.९ दिवसांवर आलं. तिसऱ्या गटात ६.८३ दिवस होतं, ते तेवढंच राहिलं. पोट फुगण्याची तक्रार पहिल्या गटात शून्य टक्के, दुसऱ्यात ३१.३ टक्के आणि तिसऱ्यात १०० टक्के.

आकडे वाचून कोणीही म्हणेल, झालं की सिद्ध! मीही तेच म्हणाले होते.

गट कोणी केले?

रुग्णांनी स्वतः. गाईडच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. चिठ्ठ्या टाकून, म्हणजे रँडमायझेशन करून, हे गट पाडलेले नाहीत. दोन आठवडे फायबर सोडून ज्याला बरं वाटलं, तो साहजिकच ते सोडूनच राहणार. ज्याला थोडंच बरं वाटलं, तो थोडं फायबर परत सुरू करणार. म्हणजे ‘फायबर सोडलं म्हणून बरं वाटलं’ हे जितकं शक्य आहे, तितकंच ‘बरं वाटलं म्हणून फायबर सोडलेलंच ठेवलं’ हेही शक्य आहे. बाण कुठल्या दिशेने जातो हे या रचनेतून कळूच शकत नाही.

आणि ते सहा जण? त्यांनी धार्मिक किंवा वैयक्तिक कारणांमुळे फायबर परत सुरू केलं, असं पेपरात म्हटलंय. आता त्यांचा सुरुवातीचा आकडा पुन्हा बघा. बाकीच्यांचं अंतर चार दिवसांच्या आसपास, यांचं जवळपास सात दिवस. म्हणजे हे लोक मुळातच जास्त त्रासलेले होते. ज्यांचा आजार वेगळ्या पातळीवरचा आहे अशा सहा माणसांना आपण ‘कंट्रोल ग्रुप’ समजून बसतो. ‘१०० टक्के लोकांचं पोट फुगलं’ याचा अर्थही सहापैकी सहा इतकाच. टक्केवारी दिसली की आधी छेदात किती आहे ते बघायचं, ही सवय मला त्या दिवसापासून लागली.

शून्याचं काय करायचं?

पहिल्या गटात फायबर सोडल्यानंतरची सरासरी १.० दिवस आणि स्टँडर्ड डेव्हिएशन ०.०. आधी ते १.५९ होतं.

जरा थांबून याचा अर्थ लावा. ४१ वेगवेगळ्या वयांची, वेगवेगळ्या घरांतली माणसं, आणि सगळ्यांना बरोब्बर रोज एकदा. कोणाला दिवसातून दोनदा नाही, कोणाचा एखादा दिवस चुकत नाही. माझ्या लॅबमध्ये एकाच बाटलीतल्या द्रावणाचं तीनदा रीडिंग घेतलं तरी शून्य डेव्हिएशन येत नाही. आलं तर आम्ही आधी मशीन तपासतो.

याचा अर्थ कोणी खोटं लिहिलं असा होत नाही. असा आरोप करायला आपल्याकडे काहीही आधार नाही आणि तो करूही नये. ‘आता रोज होतं का?’ असं विचारलं आणि रुग्ण ‘हो’ म्हणाला, की नोंदीत १ येतो. पण मग मोजलं गेलं ते रुग्णाचं समाधान, आतड्याची हालचाल नव्हे. रोजची डायरी ठेवली असती, मळ किती घट्ट किंवा सैल आहे हे दाखवणारा ब्रिस्टल तक्ता वापरला असता, तर आकडे असे गुळगुळीत आले नसते. आकडा जास्तच सुबक दिसला, तर तो कसा मोजला हे आधी शोधा.

काहीही न करता किती जण बरे होतात?

माणूस डॉक्टरकडे कधी जातो? त्रास टोकाला गेला की. टोकानंतर बहुतेक गोष्टी आपोआप थोड्या खाली येतात. संख्याशास्त्रात याला ‘सरासरीकडे परतणं’ म्हणतात. त्यात तपासणीत काही निघालं नाही हा दिलासा, डॉक्टरांनी दिलेला वेळ आणि ‘आता काहीतरी वेगळं करतोय’ ही आशा हे सगळं मिसळतं. कोण काय खातंय हे इथे रुग्णालाही माहीत होतं आणि डॉक्टरांनाही.

या सगळ्याचा परिणाम किती मोठा असू शकतो? २०२२ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन’मध्ये फायबर सप्लिमेंट्सवरच्या १६ रँडमाइज्ड ट्रायल्सचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात एकूण १,२५१ रुग्ण होते. ज्या ट्रायल्समध्ये प्रतिसाद मोजला होता, त्यांत फायबर घेणाऱ्यांपैकी ६६ टक्क्यांना फरक पडला आणि कंट्रोल गटातल्या ४१ टक्क्यांनाही पडला! दहातल्या चार जणांना खरं औषध न घेताच बरं वाटत असेल, तर कंट्रोल गट नसलेल्या अभ्यासात ‘उपचारामुळे बरं वाटलं’ असं म्हणणं किती धाडसाचं आहे ते बघा.

याच विश्लेषणात इसबगोलाचा फायदा दिसला, विशेषतः दिवसाला १० ग्रॅमपेक्षा जास्त आणि किमान चार आठवडे घेतल्यावर. सोबत गॅसेसची तक्रारही वाढलेली दिसली. परदेशी पेपरांत ‘सिलियम’ असं लिहिलेलं असतं, ते म्हणजे आपला इसबगोलच, ज्याची मोठी बाजारपेठ गुजरातेत उंझ्याला आहे. आत्याच्या डब्यातली भुशी आणि ट्रायलमधली पावडर मुळात एकाच झाडाची.

मग पेपर टाकाऊ आहे का?

नाही. इथेच मला तुमचं लक्ष हवंय, कारण टीका म्हणजे पेपर केराच्या टोपलीत टाकणं नव्हे.

लेखकांचा मूळ प्रश्न रास्त आहे. मळ बाहेर टाकायलाच त्रास होत असेल तर त्याचा आकार वाढवून काय साधणार? त्यांनी वाहतूक कोंडीची उपमा दिली आहे. रस्ता तुंबलाय, मग आणखी गाड्या कशाला सोडायच्या? उपमा पटकन पटते, पण आतडं म्हणजे निर्जीव रस्ता नाही. मळ पुढे ढकलण्याचं काम ते स्वतः करतं. इसबगोल पाणी धरून ठेवतो, त्याचा चिकट गोळा मोठ्या आतड्यात फारसा आंबत नाही, त्यामुळे मळ शेवटपर्यंत मऊ राहतो. गव्हाचा जाडसर कोंडा आतड्याच्या अस्तराला डिवचून काम करतो. लवकर आंबणारे फायबर जिवाणूंचं खाद्य होतात आणि वायू तयार होतो. ‘फायबर’ या एका शब्दात इतक्या वेगळ्या वस्तू कोंबल्यावर ‘फायबर चांगलं की वाईट’ या प्रश्नालाच अर्थ उरत नाही.

आणि काही रुग्णांच्या बाबतीत सिंगापूरच्या डॉक्टरांचं निरीक्षण खरंही असू शकतं. १९९७ च्या एका जर्मन अभ्यासात जुनाट बद्धकोष्ठतेच्या १४९ रुग्णांना किमान सहा आठवडे रोज १५ ते ३० ग्रॅम इसबगोल दिला. ज्यांच्या तपासण्यांत काही दोष नव्हता, त्यांतल्या ८५ टक्क्यांना फायदा झाला. पण ज्यांच्या आतड्याची गतीच मंद होती, त्यांतल्या ८० टक्क्यांना काहीच फरक पडला नाही. शौचाच्या वेळी स्नायू नीट सैल न पडणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांचंही तेच. या अभ्यासातही कंट्रोल गट नव्हता, हे तुम्ही आता स्वतःहून विचारलं असेल अशी आशा आहे! तरी एक शक्यता समोर येते. विशेषज्ञाकडे पोचणाऱ्यांत असे अवघड रुग्ण जास्त असणार, आणि त्यांना फायबर सोडून बरं वाटणं अशक्य नाही. म्हणजे पेपरचं निरीक्षण कदाचित काही जणांपुरतं खरं आहे, आणि चूक आहे ती त्यावरून सगळ्यांसाठी निष्कर्ष काढण्यात.

फायबरच्या बाजूचा पुरावाही काही पोलादी नाही. अमेरिकेतल्या दोन गॅस्ट्रो संघटनांच्या २०२३ च्या संयुक्त मार्गदर्शक तत्त्वांत फायबरची शिफारस सशर्त आहे. ठाम शिफारस आहे ती पॉलिथिलीन ग्लायकॉलसारख्या औषधांची.

आत्याला काय सांगितलं?

तिला म्हटलं, पेपरवरून तुझं काही ठरत नाही, तुझंच सांग. फायबर सोडल्यावर पोट कमी फुगतंय, पण खडा होतोय, असं ती म्हणाली. मग कळलं की ती इसबगोल अर्ध्या कपाहून कमी पाण्यात घेऊन वर काही न पिता झोपायची. आणि त्रास वाढला तो लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यानंतर. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते हे डॉक्टरांना नवीन नाही, पण तिने त्यांना सांगितलंच नव्हतं. मी तिला त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी गोळीचा प्रकार बदलला आणि इसबगोल थोड्या प्रमाणात, भरपूर पाण्याबरोबर पुन्हा सुरू केला. आता बरं आहे म्हणते. पण दोन गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळे कशाने बरं वाटलं हे मला सांगता येणार नाही. हाही एक कंट्रोल नसलेला प्रयोगच!

तुमच्या घरीही असा फॉरवर्ड आला असेल तर एवढं नक्की सांगा: शौचातून रक्त जाणं, विनाकारण वजन घटणं, रक्त कमी होणं किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सवय बदलणं, यांपैकी काहीही असेल तर फायबरची चर्चा बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जायचं.

तुमच्यासाठी गृहपाठ

हा पेपर फक्त चार पानांचा आहे आणि मोफत वाचता येतो. उघडा, पण निष्कर्ष झाकून ठेवा. आधी पद्धत वाचा आणि वहीत चार उत्तरं लिहा: गट कोणी पाडले, सुरुवातीला ते सारखे होते का, मोजमाप कसं केलं, आणि काहीच केलं नसतं तर काय झालं असतं. त्यानंतर हाच प्रश्न घेऊन तुम्ही अभ्यास कसा आखाल ते एका पानात मांडा. मुलाखतीत ‘या पेपरच्या मर्यादा सांगा’ असं विचारलं की ‘सॅम्पल साइज कमी आहे’ एवढंच बोलून थांबू नका. सॅम्पल दहापट वाढवलं असतं, तरी गट रुग्णांनीच निवडले असते ना?

मला त्या दिवशी जर्नल क्लबमध्ये उत्तर देता आलं नाही, त्याची फार लाज वाटली होती. आत्याच्या फोननंतर कळलं की तो प्रश्न फक्त जर्नल क्लबपुरता नव्हता.